दिवाणखान्यातलं डुक्कर

अमेरिकेतल्या कितीतरी लहान शहरांच्या सभागृहांत गेली काही दशकं एक विषय पुन्हा पुन्हा येतो: घरात पाळलेल्या डुकराला वस्तीत राहू द्यायचं की नाही. एखादं कुटुंब पिल्लू आणतं, ते वाढतं, कुणीतरी तक्रार करतं, शहराची नोटीस येते. मग ते कुटुंब झोनिंगचा नियमच बदलून मागतं आणि प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी लागते. काही शहरांनी परवानगी दिली, काहींनी साफ नाकारली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात तीन मोठे प्रश्न आहेत. शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क किती? कायद्याने घराच्या आत कुठवर डोकवावं? आणि एखादा जीव पाळतो म्हणजे आपण नेमकं काय पत्करतो?

पुढच्या संवादातली दोन माणसं कल्पित आहेत. काका पुण्याचे, नगररचना खात्यातून निवृत्त झालेले. पुतणी सिएटलजवळच्या एका उपनगरात पशुवैद्य आहे. तिच्या गावात अशी सुनावणी आहे आणि ती नियम बदलण्याच्या बाजूने बोलणार आहे. काका उन्हाळ्यापुरते तिच्याकडे राहायला आलेत. दोघांच्या तोंडी आलेली माहिती मात्र खरी आहे.

काका : तुझं टिपण वाचलं. मांडणी चांगली आहे, पण सुरुवातच मला मान्य नाही. तू लिहिलंयस की झोनिंगच्या नियमांत डुक्कर अनवधानाने अडकलं. अगं, तुमच्या देशातल्या झोनिंगला ज्या निकालाने घटनेचा आधार मिळाला, त्या निकालातच डुक्कर आहे. १९२६ साल. क्लीव्हलंडशेजारी युक्लिड नावाचं गाव. गावाने जमिनीचे विभाग पाडले, घरं इथे, दुकानं तिथे, कारखाने पलीकडे. अ‍ॅम्बलर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन त्यात सापडली आणि कंपनी कोर्टात गेली. सुप्रीम कोर्टाने कौल गावाच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांचं म्हणणं असं होतं की, उपद्रव म्हणजे कित्येकदा एखादी बरी गोष्ट नको त्या जागी असणं. त्याला त्यांनी दाखला दिला तो गुरांच्या वाड्यात न राहता दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचा. म्हणजे डुक्कर या कायद्यात पाहुणं नाही, पहिल्या दिवसापासून हा कायदा त्याला ओळखतो.

पुतणी : काका, तो निकाल मीही वाचलाय. त्यात आणखी एक वाक्य आहे. घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतींना त्याच न्यायमूर्तींनी बांडगूळ ठरवलं. स्वतंत्र बंगल्यांचं ऊन आणि वारा शोषून घेणारं बांडगूळ. एकाच लेखणीने डुक्कर वाड्यात गेलं आणि भाडेकरू वस्तीबाहेर. पुढची कित्येक वर्षं या नियमांच्या आडून गरिबांना उपनगरांत शिरू दिलं गेलं नाही. म्हणून ‘नको ती जागा’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुणाला नको?

काका : विचारायलाच हवं. पण मी ज्या शहरात नोकरी केली त्याच्या अनुभवावरून सांगतो, विभागणी ही केवळ श्रीमंतांची सोय नव्हती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि १९१५ मध्ये बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट झाला, देशातला पहिला. माणसाच्या खिडकीखाली गोठा, गोठ्याला लागून कातडी कमावण्याचं काम, त्याला लागून पिण्याच्या पाण्याची विहीर, अशी दाटी जिथे होती तिथे आधी गरिबाचंच मूल मरायचं. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला गेला, तेव्हा वांद्र्याच्या साध्या चाळकऱ्यांनाही मोकळा श्वास मिळाला.

पुतणी : आणि देवनारच्या लोकांना?

काका : त्यांच्या वाट्याला कत्तलखाना आला, कचऱ्याचे डोंगर तर आधीपासून होतेच. ते नाकारत नाही. विभागणीत कुणाच्या तरी दारात ओझं पडतंच, आणि बहुतेक वेळा ते दुबळ्याच्या दारात पडतं. पण म्हणून विभागणीच नको, हा त्यावरचा उपाय नव्हे.

पुतणी : न्यूयॉर्कमध्येही हेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅनहॅटनच्या रस्त्यांवर हजारो डुकरं मोकळी हिंडायची. डिकन्सने १८४२ च्या अमेरिकेवरच्या पुस्तकात ब्रॉडवेवर फिरणारी डुकरं टिपली आहेत. ती गरिबांची डुकरं होती. दिवसभर रस्त्यावरचं खरकटं खायची आणि हिवाळ्यात त्या घराच्या पोटाला आधार व्हायची. १८१८ मध्ये एका खाटकावर रस्त्यात डुकरं सोडल्याबद्दल खटला झाला आणि तो हरला. १८२१ पासून पुढची दहा-अकरा वर्षं पालिकेच्या गाड्या डुकरं धरायला आल्या की बायका रस्त्यावर उतरून त्या अडवायच्या. १८४९ मध्ये कॉलरा आला आणि पोलिसांनी डुकरं दाट वस्तीतून उत्तरेकडे हुसकली. कॉलऱ्याचा जंतू दूषित पाण्यातून पसरतो, पण दोष डुकरांच्या माथी बसला. १८५९ मध्ये पोलिसांनी शहराच्या कडेची वराहपालनाची आवारं मोडून टाकली. तिथे राहणारे बहुतेक आयरिश आणि जर्मन स्थलांतरित होते. आजही न्यूयॉर्क शहरात डुक्कर पाळायला बंदी आहे.

काका : तुझ्या या दाखल्याने माझीच बाजू बळकट होते. गाड्या अडवणाऱ्या त्या बाईचं डुक्कर ही तिची भाकरी होती. तिच्यासाठी कुणी नियम बदला म्हटलं असतं तर मी सही केली असती. पण तुझ्या दवाखान्यात येणारं डुक्कर ही हौस आहे. एकाच्या हौसेसाठी साऱ्या गल्लीने आपला नियम का बदलावा?

पुतणी : कुत्रा काय आहे मग? इथे शिकारीसाठी किंवा राखणीसाठी कुत्रा पाळणारे किती उरलेत? माणसाने सोबतीसाठी जनावर ठेवावं हे या समाजाने केव्हाच मान्य केलंय. प्रश्न एवढाच की त्या यादीत कोण बसतं. नियम लिहिले गेले तेव्हा डुक्कर म्हणजे अडीच-तीनशे किलोचं मांसाचं जनावर, एवढीच ओळख होती. १९८५ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओतल्या बोमनव्हिल प्राणिसंग्रहालयाच्या कीथ कॉनेल यांनी १८ व्हिएतनामी पॉटबेली डुकरं आणली. प्राणिसंग्रहालयांसाठी आणलेली ती जात दोन-चार वर्षांत अमेरिकेत घराघरांत गेली. सुरुवातीला एकेका पिल्लाला हजारो डॉलर मोजले जायचे. पूर्ण वाढलेलं पॉटबेली साधारण ४५ ते ९० किलोचं असतं. एखाद्या मोठ्या मॅस्टिफ कुत्र्याएवढं. मॅस्टिफला परवाना मिळतो आणि याला नोटीस मिळते, ती केवळ नियमात ‘स्वाइन’ हा शब्द आहे म्हणून.

काका : ४५ ते ९० किलो! पण लोक तर हातात मावेल असं पिल्लू घेऊन येतात. टीकप पिग म्हणून विकतात ना?

पुतणी : तो सरळ खोटेपणा आहे. टीकप नावाची कुठलीही जात नाही. डुक्कर तीन वर्षांचं होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे वाढत राहतं, पण मादी काही महिन्यांतच गाभण राहू शकते. विकणारा गिऱ्हाइकाला पिल्लाचे आईबाप दाखवतो आणि म्हणतो, बघा, एवढंच होणार. ते आईबाप स्वतःच अजून पिल्लं असतात. काही जण तर ‘दिवसाला एवढेच दाणे घाला’ असा तक्ता देतात. म्हणजे उपाशी ठेवा आणि लहान ठेवा. ओंटारिओतल्या दोघा तरुणांनी २०१२ मध्ये एस्थर नावाचं पिल्लू मिनी म्हणून घेतलं. ती निघाली शेतावरची नेहमीची डुकरीण, आणि वाढत वाढत तीनशे किलोंच्या आसपास गेली. त्या दोघांनी तिला सोडलं नाही. शहर सोडून शेत घेतलं आणि तिथे प्राण्यांसाठी आसरा उभा केला. २०२३ मध्ये ती गेली. जगभर तिचं कौतुक झालं. पण त्या दोघांसारखी फसवणूक झालेल्या किती जणांना शेत घेता येतं?

काका : मग तू स्वतःच सांगतेस की हा बाजार फसवणुकीवर उभा आहे. अशा बाजाराला नगरपालिकेने परवाना देऊन प्रतिष्ठा का द्यावी? बंदी असली की निदान काही लोक तरी विकत घेताना दोनदा विचार करतील.

पुतणी : काही करतील. बाकीचे लपवून पाळतील, आणि तेच मला दिसतं. नोटिशीच्या भीतीने माणसं डुकराला तळघरात ठेवतात. नसबंदीला आणत नाहीत, कारण दवाखान्यात नोंद होईल असं त्यांना वाटतं. नसबंदी न झालेला नर उग्र वास सोडतो आणि अंगावर येतो. मादी दर २१ दिवसांनी माजावर येते आणि घर डोक्यावर घेते. म्हणजे शेजारी ज्या त्रासाची तक्रार करतो, त्यातला पुष्कळसा त्रास बंदीनेच वाढवलेला असतो. लहानपणी नसबंदी झालेलं, मोकळं अंगण मिळालेलं डुक्कर स्वच्छ असतं. झोपायच्या जागेपासून लांब एक कोपरा ठरवतं आणि तिथेच विधी करतं. घामाने अंग थंड करता येत नाही म्हणून ते चिखलात लोळतं. पाण्याचं टोपलं आणि सावली दिली की त्याचं भागतं.

काका : वासाचं झालं. रोगाचं काय? २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात. शाळकरी मुलगी होती. ते दिवस मी विसरू शकत नाही. शाळा आणि थिएटरं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा, सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह डुकरांमधून माणसांत आला, शंभरावर माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. आपल्या पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण सापडतात, त्यातही डुक्कर आहेच. या सगळ्याला तुझ्या टिपणात एक ओळ आहे.

पुतणी : ती ओळ अपुरी आहे, बरोबर. एकेक घेऊ. २००९ चा विषाणू डुकरांच्या फ्लूपासून घडला, हे खरं. पण पुण्यात तो माणसाकडून माणसाकडे पसरला. निपाह फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून उतरला. फळझाडांच्या खाली हजारो डुकरं दाटीने कोंडली होती, तिथे तो वणव्यासारखा पसरला. त्याचा धडा दाटीबद्दल आहे. जपानी मेंदूज्वराचं भय मात्र मी हलकं करणार नाही. डास डुकराला चावतो, डुकराच्या रक्तात विषाणू झपाट्याने वाढतो, आणि पुढचा डास तो माणसापर्यंत नेतो. तो विषाणू आज अमेरिकेत स्थिरावलेला नाही. पण २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात वराहपालन केंद्रांत तो अचानक सापडला, म्हणून गाफील राहून चालणार नाही. आणि एक गोष्ट तुम्ही बोलला नाहीत, ती मीच सांगते. डुकरांसाठी मान्यता असलेली रेबीजची लस अमेरिकेत नाही. घरात लहान मूल असेल तर मालकाला हे आधी ठाऊक हवं.

काका : मग?

पुतणी : मग असं की, साथ आली तर आरोग्य खात्याला पहिला प्रश्न पडतो, डुकरं आहेत कुठे? बंदीच्या गावात याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ब्रिटनने हे नीट केलंय. तिथे एकच डुक्कर पाळलं, अगदी लाडाने घरात पाळलं, तरी सरकारी नोंदीत ते शेतावरच्या डुकरासारखंच असतं. जागेला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. डुक्कर एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर कळवावं लागतं. त्याला फिरायला न्यायचं असेल तर ठरलेल्या रस्त्याचा परवाना लागतो. आणि माणसाच्या स्वयंपाकघरातून निघालेलं काहीही त्याला घालता येत नाही, घर शाकाहारी असलं तरीसुद्धा. २००१ मध्ये तिथे लाळ्या-खुरकूत पसरला. त्याची सुरुवात न उकळलेलं खरकटं खाणाऱ्या डुकरांच्या एका फार्मवर झाल्याचं मानतात. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या अनुभवानंतरही त्यांनी पाळीव डुकरावर बंदी घातली नाही. त्यांनी त्याची नोंद ठेवली.

काका : हे पटण्यासारखं आहे. नोंद नसलेली गोष्ट नियंत्रणात ठेवता येत नाही, हे आमच्या खात्याचं पहिलं सूत्र. पण मला एक वेगळीच शंका आहे. इतका वेळ आपण माणसांचं भांडण लढतोय. मी आता डुकराच्या बाजूने विचारतो. तू डॉक्टर आहेस, सांग. उपनगरातल्या तीन-चार गुंठ्यांच्या प्लॉटवर, कार्पेट घातलेल्या घरात, डुक्कर सुखी राहतं का?

पुतणी : सहसा नाही.

काका : बघ.

पुतणी : थांबा, पुरतं सांगू द्या. डुक्कर कळपातलं जनावर आहे. एकटं पडलं की ते घरातल्या माणसांनाच कळप समजतं, आणि दोन-तीन वर्षांचं झालं की त्या कळपात आपलं स्थान ठरवायला पाहुण्यांवर धावून जातं. नाकाने माती उकरणं ही त्याची खोड नसते, ती त्याची गरज असते. माती मिळाली नाही तर ते कार्पेट उकरतं, भिंतीचा गिलावा काढतं. कुत्र्याबरोबर ते बेभरवशाचं, कारण कुत्रा शिकारी आणि डुक्कर सावज. वर्षानुवर्षं गोडीने राहिलेले दोघं एका दिवशी भिडतात आणि मार डुकराला बसतो. त्यात त्याची बुद्धी. केंब्रिजच्या डोनाल्ड ब्रूम यांनी २००९ मध्ये दाखवलं की आरशात दिसणाऱ्या प्रतिबिंबावरून डुकरं आडोशामागे ठेवलेलं खाणं शोधतात. २०२१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार डुकरं नाकाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरची खूण हलवायला शिकली. एवढं डोकं असलेला जीव दिवसभर रिकाम्या खोलीत ठेवला तर तो बिघडणारच. आणि हे १५ वर्षांचं काम आहे. जॉर्ज क्लूनीचं मॅक्स नावाचं डुक्कर १८ वर्षं जगलं.

काका : मग तू नियम बदला म्हणतेस तरी कशाला? तू आत्ता जे सांगितलंस ते सभेत सांगितलंस तर पाचही सभासद विरोधात मत देतील.

पुतणी : सांगणार आहे. लपवून मिळवलेली परवानगी मला नको. तुमचा आक्षेप बाजारावर आहे, आणि तो खरा आहे. पण बंदीने बाजार थांबत नाही. ऑनलाइन पैसे भरले की पिल्लू दारात येतं. बंदीचा मार बसतो तो मोठ्या झालेल्या डुकराला, कारण नोटीस आली की घर सोडावं लागतं त्याला. मग त्याला आसऱ्याला पाठवतात. अ‍ॅरिझोनात आयर्नवुड पिग सँक्च्युअरी आहे, तिथे अशी टाकून दिलेली शेकडो पॉटबेली डुकरं सांभाळतात. जागा संपली की बाकीच्यांना कुणी विचारत नाही.

काका : आणि काही जण रानात सोडून देतात. अमेरिकेत रानटी झालेली ६० लाखांहून अधिक डुकरं आहेत, असं तुमच्या शेती खात्याचंच म्हणणं आहे. शेतं उकरतात, ओढ्यांचं पाणी नासवतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, रानडुकरांनी उभं पीक लोळवलेलं त्याने पाहिलंय. परवानगी वाढली की पाळणारे वाढतील, आणि पाळणारे वाढले की सोडून देणारेही वाढतील.

पुतणी : म्हणूनच माझ्या मसुद्यात नसबंदी सक्तीची आहे. आणि कानात किंवा मानेत चिप. सोडून दिलेलं डुक्कर कुणाचं, हे कळलंच पाहिजे.

काका : मसुद्याकडे येऊ. पण त्याआधी मनातलं एक बोलतो. कुत्र्याबद्दल हा वाद असता तर मी इतका ताणला नसता. डुक्कर म्हटलं की आत काहीतरी आखडतं. लहानपणापासून गटाराकाठीच पाहिलं ना ते.

पुतणी : गटार उघडं कुणी ठेवलं, काका? संडास नसलेल्या वस्त्या, न उचललेला कचरा, हे माणसांनी केलं. डुकराने त्यातून आपलं पोट भरलं. आणि आपण त्या घाणीचा डाग दोघांवर टाकला, डुकरावर आणि त्याला पाळणाऱ्या माणसांवर. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त कैकाडी घरातल्या पोराला गावासमोर, शाळेतल्या मुलांसमोर डुक्कर धरायला लावतात. गावाला डुकरं हटवून हवी असतात, पण त्यांना हात लावणारा माणूस मात्र गावाबाहेरचाच राहतो. ही किळस नियमात उतरली की ती जनावरापाशी थांबत नाही. युक्लिडच्या निकालात तेच झालं, न्यूयॉर्कच्या १८५९ मध्ये तेच झालं, आणि आपल्या गावांत तर ते पिढ्यान् पिढ्या चाललंय. म्हणून मला नियमात किळस नको, कारण हवं.

काका : मोकाट डुकरांचा त्रास खोटा नाही. पण तुझं म्हणणं मी मानतो. किळस हे नियमाचं कारण होऊ शकत नाही. वास, आवाज, रोग, नासधूस ही कारणं होऊ शकतात, कारण ती मोजता येतात. बरं, मसुदा दाखव. सिएटलचा नियम जसाच्या तसा उचललायस का?

पुतणी : नाही. सिएटलने परवानगी दिली हे चांगलं केलं. तिथे एका घराला एक मिनिएचर पॉटबेली ठेवता येतं. खांद्यापाशी उंची २२ इंचांपेक्षा जास्त नको, वजन १५० पौंडांपेक्षा, म्हणजे ६८ किलोंपेक्षा जास्त नको. पण यातल्या दोन अटी मला डॉक्टर म्हणून टोचतात. पहिली वजनाची. समजा, चांगल्या हाडापेराचं निरोगी डुक्कर ७५ किलोंवर गेलं. मालकापुढे दोन वाटा राहतात, ते टाकणं किंवा उपाशी ठेवणं. कायदाच टीकप विकणाऱ्याची भाषा बोलायला लागतो.

काका : पण नियमाला मोजमाप लागतं. ‘निरोगी दिसणारं’ असं लिहून चालत नाही, निरीक्षक काय मोजेल?

पुतणी : जागा मोजेल. प्लॉट किती, मागचं अंगण किती, कुंपण पक्कं आहे का, माती उकरायला मोकळा तुकडा आहे का, सावली आणि पाणी आहे का, शेजारच्या भिंतीपासून निवारा किती लांब. डुकराच्या अंगाऐवजी त्याच्या आवाराची अट घाला. शेजाऱ्यालाही त्यानेच संरक्षण मिळतं.

काका : हे मला आवडलं. आम्ही इमारतीत किती माणसं राहतात ते कधी मोजत नाही, सामासिक अंतर आणि चटईक्षेत्र मोजतो. दुसरी अट?

पुतणी : एकच डुक्कर. कळपातल्या जनावराला एकटं ठेवण्याची सक्ती. दोन ठेवू द्या, दोन्हींची नसबंदी झालेली, आणि दोघांना पुरेल एवढी जागा असेल तरच.

काका : मग माझ्याही अटी लिहून घे. फ्लॅट आणि जोडघरांना परवानगी नाही. पिल्लू आणण्याआधी अर्ज, आणल्यावर नव्हे. वर्षाला एकदा पशुवैद्याचा दाखला. स्वयंपाकघरातलं खरकटं घालायचं नाही, हे ब्रिटनचं कलम घे. विष्ठा रोज उचलून बंद डब्यात. खाणं मागताना त्याची किंकाळी शंभर डेसिबलच्या पुढे जाते म्हणतात, तेव्हा पहाटे खाणं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गावात विक्री आणि पैदास पूर्ण बंद. ज्याला हवं त्याने आसऱ्यातून आणावं. म्हणजे तुझी परवानगी बाजाराला खतपाणी घालणार नाही.

पुतणी : ते शेवटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काका. आसऱ्यातलं डुक्कर वाढ संपलेलं असतं, ते केवढं होणार ते डोळ्यांना दिसतं. फसवणुकीची जागाच उरत नाही. घेते लिहून.

काका : आणि शेवटची अट. लगतच्या शेजाऱ्यांची लेखी संमती.

पुतणी : ही नाही.

काका : का? त्यांच्या कुंपणाला लागून राहणार आहे ते.

पुतणी : कारण संमती मागितली की शेजारी त्रासाचा विचार करत नाही, आवडीनावडीचा करतो. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ‘सभासदांची हरकत’ या नावाखाली काय चालतं ते तुम्ही पाहिलंय. मांस खाणाऱ्याला घर नाही, एकट्या बाईला घर नाही, अमुक धर्माच्या माणसाला घर नाही. संमतीची अट घातली की गरीब आणि नवख्या माणसाच्या डुकराला संमती मिळणार नाही, आणि ज्याचा गल्लीत शब्द चालतो त्याच्या डुकराला मिळेल.

काका : पण शेजाऱ्याला काहीच हक्क नाही असं म्हणू नकोस. युक्लिडचा निकाल कितीही सदोष असला तरी त्यातला गाभा खरा आहे. मी घर घेतो तेव्हा भिंतींबरोबर शेजारही घेतो. तो शेजार मला न विचारता बदलू नये, ही अपेक्षा अन्यायाची नाही.

पुतणी : अन्यायाची नाही. म्हणून त्याला नोटीस द्या. सुनावणीत बोलू द्या. तक्रारीची दखल ठरलेल्या मुदतीत घ्या, आणि तक्रार खरी ठरली तर परवाना रद्द करा. शेजाऱ्याला त्रासाविरुद्ध पुरता हक्क असावा, नावडीविरुद्ध नसावा.

काका : परवाना रद्द झाला तर डुकराचं काय होईल, हेही परवान्यातच लिहिलेलं असावं. मालकाने आसऱ्याशी आधी करार करावा किंवा शहराकडे अनामत भरावी. नाहीतर आपण इतकं बोलून शेवटी त्याला रस्त्यावरच आणलं असं होईल.

पुतणी : अनामत घेऊ. संमतीवर मात्र आपलं जमलं नाही.

काका : नाहीच जमलं. सभेत मी बोलू शकलो असतो तर संमतीचा आग्रह धरला असता. पण एवढं मान्य करतो, इथे आलो तेव्हा मी डुकराला वस्तीत जागा द्यावी का, एवढंच विचारत होतो. आता विचारायचं ते त्याला मागणाऱ्या माणसाला. तुझ्याकडे पुढच्या १५ वर्षांची जागा, माती, वेळ आणि पैसा आहे का? ज्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि जो ते कागदावर बांधून द्यायला तयार असेल, त्याच्या वाटेत कायद्याने जनावराचं नाव आणू नये.

पुतणी : आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ असेल, त्याला कुत्र्याचाही परवाना मिळू नये. हे वाक्यही मी सभेत बोलणार आहे.